ताज्या तारखेची शिळी फाईल

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मंजुळा नाखवा डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला जाते, असं अठ्ठ्याऐंशी साली कुणी सांगितलं असतं, तर कोळीवाड्यानं आधी सांगणाऱ्याचं तोंड हुंगून बघितलं असतं. पण ती जात होती. बारावी पास, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, वय पंचवीस, आणि लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणून पदर खोचणारी. आई शेवंती ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. बाप होडीतून गेला तो गेलाच, त्याला पंधरा वर्षं झाली होती. घरात दोघीच, आणि दोघींच्या जिभा तिखट.

कंपनीचं नाव मोरया कॉम्प्युटेक. मालक महिपत घोसाळकर. हे गृहस्थ आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पुढचा काळ कॉम्प्युटरचा आहे, म्हणून त्यांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली. पाटीखेरीज बाकी काही बदललं नाही. प्रिंटर गुरुपुष्यावर घ्यायचा, मंगळवारी नवीन फ्लॉपी उघडायची नाही, संकष्टीला मशीनला लाल फूल. कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. त्या खोलीला एसी होता. माणसांना एक पंखा होता, तोही साहेबांच्या डोक्यावर फिरायचा. मे महिन्यात माणसं घामानं निथळायची आणि मशीन मात्र मखमली झूल पांघरून गारव्यात बसलेलं असायचं, घरजावयासारखं.

मंजुळाला घेतलं टायपिस्ट म्हणून, पण महिन्याभरात तिच्या गळ्यात फ्लॉप्या पडल्या. तोवर फ्लॉप्यांची जी दशा होती ती सांगायची सोय नाही. टेबलाच्या खणात, भाकरीच्या डब्याखाली, एक तर चहाच्या कपावर झाकण म्हणून सापडली. नावं काय? फायनल. नवीन फायनल. खरं फायनल. हेच फायनल घ्या. मंजुळेनं पहिल्या आठवड्यात सगळ्या गोळा केल्या, एक जाडजूड वही घातली आणि प्रत्येक फ्लॉपीत कुठली फाईल, कुठल्या तारखेची, हे लिहून काढलं. आई रोज सकाळी पाट्या लावते तसंच आहे की हे, असं तिला वाटलं. हलवा हलव्याच्या पाटीत, कोळंबी कोळंबीच्या पाटीत, आणि कालचं उरलेलं वेगळं. ह्यात कसलं आलंय कॉम्प्युटरचं ज्ञान?

ज्ञान सगळं होतं दगडूकडे. दगडू काशिनाथ भोईटे, गाव साताऱ्याकडचं, राहणार डोंबिवली पूर्व. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यापासून तो स्वतःला डीके म्हणवून घ्यायचा आणि कुणी दगडू म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायचा. पोरगा हुशार होता, त्यात वाद नाही. फक्त आपली चूक होऊ शकते ही शक्यता त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती.

डीकेनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. तापमान मोजायची एक सळई, तिला सगळे सेन्सर म्हणत, ती मशीनला जोडायची. तापमान हद्द सोडून गेलं की प्रोग्रॅम भोंगा वाजवायचा. एवढंच. पहिलं गिऱ्हाईक मानपाड्यातला एक रंगाचा कारखाना. त्यांची टाकी गरम राहायला हवी, साठ अंशांच्या खाली गेली की भोंगा. प्रोग्रॅम चालला आणि घोसाळकर साहेबांना वाटलं, हाच माल दुसऱ्यालाही विकावा. मग दुसऱ्यासाठी त्याच फायलींची वेगळी प्रत, तिच्यात थोडे फेरफार. अशा वेगळ्या प्रतीला डीके ब्रँच म्हणायचा. रंगवाल्यांची ब्रँच लाल लेबलच्या फ्लॉपीवर आणि दुसरी निळ्या. ज्या गिऱ्हाइकाचं काम, त्याची फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, तिच्यावरच्या फायली मशीनच्या एकाच कप्प्यात ओतायच्या आणि कामाला लागायचं. कप्पा एकच, कारण हार्ड डिस्कवर जागा कमी. उरलेली जागा साहेबांनी पंचांगाच्या प्रोग्रॅमला दिली होती.

आता मेक म्हणजे काय ते सांगून टाकतो, त्याशिवाय पुढचा तमाशा कळायचा नाही. प्रोग्रॅमर जे लिहितो ती मूळ फाईल. ती मशीनला कळत नाही. ती शिजवून मशीनच्या भाषेतली दुसरी फाईल करावी लागते. डीके तिला ऑब्जेक्ट म्हणायचा. मंजुळा वहीत सरळ "शिजलेली" असं लिहायची. अशा एकतीस शिजलेल्या फायली एकत्र बांधल्या की झाला प्रोग्रॅम. सगळ्या शिजवायला मशीनला चाळीस मिनिटं लागायची. हा वेळ वाचवायला डीकेनं मेक नावाचं अवजार आणलं होतं. ते प्रत्येक मूळ फाईल आणि तिची शिजलेली यांच्या तारखा बघायचं. मूळ नंतरची असेल तर ती बदललीय, पुन्हा शिजवा. शिजलेली नंतरची असेल तर मूळ फाईल जुनीच आहे, उगाच कशाला हात लावा. आत काय लिहिलंय ते मेक कधी वाचायचं नाही. तारीख बघितली की त्याचं समाधान व्हायचं, सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखं.

दुसरं गिऱ्हाईक मंजुळेनंच आणलं, आणि इथंच तिचा पाय अडकला. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीनं एक्क्याण्णव साली बर्फखाना बांधला. मासळी बर्फात घालून तिथं ठेवायची, आतलं तापमान चार अंशांच्या वर जाता कामा नये. त्याच्या आदल्या वर्षी बाजूच्या गावच्या बर्फखान्याची मशिनरी भरदुपारी बंद पडली, कुणाला पत्ता नाही, आणि अख्ख्या गावाची मासळी खाडीत फेकावी लागली होती. मंजुळा म्हणाली, आमच्या कंपनीचा भोंगा लावा. सोसायटीच्या सभेत बायका मागं बसत, बोलत नसत. त्या दिवशी शेवंती उभी राहिली आणि पोरीच्या बाजूनं बोलली. सोसायटीचे चेअरमन भिवाजी तांडेल, पांढऱ्या मिशांचे, शब्दाला पक्के. त्यांनी मंजुळाला समोर बोलावलं.

"मंजुळे, मना एकच सांग. ह्यो भोंगा येलेवर वाजंल ना? का उगाच वाजून आमचं डोकं फिरवंल?"

"वेळेवर वाजंल, काका. उगाच नाय वाजनार. माजा शब्द हाय."

"शब्द हाय तर झालं," भिवाजी म्हणाले, आणि ठराव पास झाला. कोळीवाड्यात दिलेला शब्द म्हणजे काय, ते घोसाळकरांच्या करारपत्राला कळणार नाही. करारपत्र खोटं निघालं तर माणूस वकील गाठतो. शब्द खोटा निघाला तर आईला बाजारात मान खाली घालून बसावं लागतं.

भोंगा घटस्थापनेच्या दिवशी सुरू करायचा ठरलं. तोवर डीके आपला रंगवाल्यांच्या कामात गुंतलेला. वीस सप्टेंबरला त्यांची शेवटची दुरुस्ती झाली, सगळ्या फायली नव्यानं शिजल्या, लाल फ्लॉपी गेली. मग अनंत चतुर्दशी, आणि तिच्या पाठोपाठ पितृपक्ष. झालं! घोसाळकर साहेबांनी हात वर केले. पितृपक्षात नवीन काम? त्यांच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, टाइपरायटरचा स्क्रूसुद्धा ह्या पंधरवड्यात कधी फिरवला नव्हता.

"साहेब, घटस्थापनेला द्यायचंय. मग करायचं कधी?" मंजुळा म्हणाली.

साहेब दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, गंध लावून आले, चपला काढून मशीनच्या खोलीत शिरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मशीनची तारीख मागं नेली. बारा सप्टेंबर. गणेश चतुर्थी. वर झेंडूचं फूल ठेवलं.

"आता मशीनच्या हिशेबानं गणपती बसलेत," ते बाहेर येऊन म्हणाले. "पितृपक्ष इथं, बाहेर. आत उत्सव चालू आहे. करा काम! आणि रोज सकाळी हीच तारीख घालायची. मी सांगितल्याशिवाय विसर्जन नाही."

काय बोलणार? मालकच तो. डीकेला तर हसू आवरेना, पण पगार त्याच हातून यायचा, तेव्हा त्यानं मान डोलावली. त्यानं निळ्या फ्लॉपीतल्या फायली कप्प्यात ओतल्या. रंगाची आणि बर्फाची ब्रँच यांच्यात खरा फरक एकाच फाईलचा, तिचं नाव लिमिट. ती उघडून त्यानं साठच्या जागी चार आणि "खाली"च्या जागी "वर" केलं, फाईल ठेवली आणि मेक चालवलं. चाळीस मिनिटांचं काम चार सेकंदांत झालं. पडद्यावर आलं, सगळं अद्ययावत आहे.

"बघा, मंजुळाताई!" डीके खुर्चीतच फिरला. "ह्याला म्हणतात स्पीड."

पडद्यावर सोसायटीचं नाव झळकलं, कारण नाव एका वेगळ्या साध्या फाईलमधून यायचं, तिला शिजवायची भानगड नव्हती. सेन्सर टेबलावर ठेवला. खोलीत एसी असून अठ्ठावीस अंश. भोंगा कोकलला. अठ्ठावीस म्हणजे चारच्या वर, तेव्हा वाजायलाच हवा. साहेबांनी पेढे वाटले. प्रोग्रॅमची फ्लॉपी लाल कापडात गुंडाळून, तिला कुंकू लावून, कपाटात गणपतीसमोर ठेवली आणि कपाटाची किल्ली जपायला मंजुळाकडे दिली.

मंजुळाला मात्र चैन पडेना. भोंगा वाजला हे खरं, पण गप्प बसतो का हे कुणी बघितलं? बर्फखान्याच्या भोंग्याचं आयुष्य गप्प बसण्यात जायचं आहे. आख्ख्या डोंबिवलीत ही अक्कल कुणाला सुचली नाही, कारण ह्या मंडळींनी बर्फ बघितला तो उसाच्या रसात. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी ती आईच्या खोक्यातला बर्फ थर्मोकोलच्या डब्यात भरून ऑफिसला घेऊन आली आणि सेन्सर त्यात खुपसला.

आकडा उतरत उतरत एकवर आला. भोंगा वाजतच राहिला.

डीकेनं लिमिट फाईल उघडली. चार, वर. अक्षर न् अक्षर बरोबर. त्यानं परत मेक चालवलं. सगळं अद्ययावत आहे. त्यानं कपाळाला आठ्या घालून फाईल बघितली, मशीन बघितलं, मग डब्यात वाकून बघितलं.

"मंजुळाताई, फाईल करेक्ट आहे. मशीन करेक्ट आहे. तुमचा बर्फ गडबड आहे."

"बर्फ गडबड?"

"मासळीचा बर्फ तो. मीठबीठ असेल. सेन्सर कन्फ्यूज होतो."

"अरे दगडू!" तिनं मुद्दाम खरं नाव घेतलं. "बर्फ कधी चुकतो काय रे?"

साहेबांकडे गेली तर साहेब म्हणाले, गणपतीसमोर ठेवलेल्या वस्तूवर शंका घेऊ नये, आणि ऑफिसात मासळीचा वास येतोय. उद्या सर्वपित्री, सुट्टी. परवा सकाळी डीके जाऊन बसवून येईल. ऑफिसची किल्ली त्यांनी खिशात टाकली, विषय संपला.

मंजुळा घरी आली ती रडकुंडीला. परवा भोंगा लागणार आणि लागल्यापासून वाजतच राहणार. लोक एक दिवस ऐकतील, दुसऱ्या दिवशी कुणीतरी वैतागून वायर तोडेल, आणि मग ज्या दिवशी खरंच बर्फ वितळेल त्या दिवशी गावाची मासळी जाईल. आणि नाव कुणाचं? शेवंतीच्या पोरीचं. ती वही उघडून बसली. पलीकडे आई पाट्या आवरत होती. उरलेली मासळी एका पाटीत काढली आणि रिकाम्या पाट्या पाणी मारून खसाखसा घासायला घेतल्या.

"आये, रोज कशाला घासतेस? उद्या तेच भरायचंय."

"कालचा तुकडा खाली ऱ्हायला तर वरचा ताजा माल बी वास मारतो," शेवंती म्हणाली. "गिऱ्हाईक वरचं बगतं. मी तळ बगते."

मंजुळाचं बोट वहीत जिथं होतं तिथंच थांबलं. लिमिट, मूळ: बारा सप्टेंबर. लिमिट, शिजलेली: वीस सप्टेंबर. बारा सप्टेंबर! त्या दिवशी ऑफिस बंद होतं, ती इथं बसून मोदक खात होती. बर्फाची लिमिट फाईल लिहिली परवापरवा, पण मशीनला वाटतं ती चतुर्थीला लिहिली. आणि शिजलेली फाईल आहे वीस तारखेची, रंगाच्या कारखान्याची, कप्प्यात तशीच पडून राहिलेली. मेकनं दोन्ही तारखा बघितल्या आणि म्हणालं, शिजलेली नंतरची आहे, राहू दे. म्हणजे बर्फखान्याच्या गाठोड्यात अजून रंगाची टाकी बसलीय! साठच्या खाली भोंगा. अठ्ठावीस असो, एक असो, वाजणारच. वर पाटी बर्फाची आणि तळाला कालचा रंग.

"आग लागो त्या बारा सप्टेंबरला!" ती ओरडली, आणि आईच्या हातातली पाटी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसभाऊ मारुतीचा टेम्पो मासळी घेऊन शीळफाट्यावरून डोंबिवलीला निघाला होता. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मंजुळा त्याच्या शेजारी बसली आणि साडेअकराला घोसाळकरांच्या बिल्डिंगपाशी उतरली. साहेब घरात नव्हते, गच्चीवर होते. धोतर, उघडं अंग, समोर केळीच्या पानावर खीर, वडे, भाताची मूद. कावळ्याला हाका मारत होते. दीड तास झाला होता. खाली पाहुणे उपाशी बसलेले, आणि कावळे समोरच्या टाकीवर ओळीनं बसून मजा बघत होते.

"साहेब, ऑफिसची किल्ली द्या."

"अगं आज? आणि डब्यात काय?"

"बर्फ. साहेब, तो प्रोग्रॅम चुकलाय. तारखेमुळं चुकलाय. शिजलेल्या फायली पुसून सगळं नव्यानं शिजवायला हवं, आणि तारीख खरी करायला हवी."

"आज नाही! आज कशाला हात लावायचा नाही." साहेबांचा आवाज रडवेला झाला होता. "इथं कावळा शिवेना, अन् तुझं काय! अप्पा, धाकट्याशी बोलतो मी. अप्पा, गावच्या घराचे वासे बदलतो. या हो, अप्पा!"

कावळ्यांनी पंख साफ केले. बर्फ वितळत होता, पाण्याचा थेंब डब्याच्या कोपऱ्यातून मंजुळाच्या पायावर पडला, आणि तिची सहनशक्ती संपली.

"अप्पा येतील कसे?" ती म्हणाली. "तुमच्याच ऑफिसात अजून गणपती बसलेत. पितृपक्ष तुम्ही तिथं लागूच दिला नाही. बारा सप्टेंबरला कोण पितर जेवायला येतंय, साहेब?"

साहेब सटपटले. पंचांग हा त्यांचा प्राण, आणि ते पंचांग त्यांनीच मोडलं होतं. वीस वर्षं ज्या अप्पांचं श्राद्ध एकदाही चुकवलं नाही, त्यांनाच आपण दारातून परत पाठवलं, हे त्यांच्या मनात भरलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

"अप्पा, चुकलो! तारीख खरी करतो. आजच्या आज करतो!"

त्याच क्षणी मंजुळानं काय केलं ते साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. डब्यात बर्फाला एक मांदेली चिकटून आली होती. ती तिनं हळूच पानाच्या कडेला, वड्याच्या आड सारली. डोळे उघडेपर्यंत चार कावळे पानावर तुटून पडले होते. एकानं मांदेली पळवली, बाकीच्यांनी तिच्या शोधात खीर, वडे, भात सगळं उलथंपालथं केलं. असा काकस्पर्श त्या बिल्डिंगीनं कधी पाहिला नव्हता.

"आले गं, अप्पा आले!" साहेब चक्क रडत होते. "त्यांना मांदेली फार आवडायची बघ. आज कुठून कोण जाणे, वासच आला."

मंजुळाला आतून चोरट्यासारखं झालं. पण किल्ली हातात पडली होती. "आणि शिजलेल्या फायली पुसू ना, साहेब?"

"पूस, पूस! अप्पांना शिळं कधी चालायचं नाही."

ऑफिसात ती एकटीच. तिनं झेंडूचं वाळलेलं फूल काढलं, आजची तारीख घातली आणि एकतीसच्या एकतीस शिजलेल्या फायली पुसून टाकल्या. डीकेला करताना तीन वर्षं बघितलं होतं, स्वतः पहिल्यांदाच करत होती. मेक चालवलं. आता तारखा बघायला समोर शिजलेलं काही नव्हतंच, तेव्हा मुकाट्यानं ते पहिल्या फाईलपासून शिजवायला लागलं. चाळीस मिनिटं. तिनं डब्याचं झाकण उघडून बघितलं. निम्मं पाणी. आणखी दहा मिनिटांनी मूठभर बर्फ. तिनं एसी फुल केला, साहेबांच्या मशीनवरची मखमली झूल काढली आणि डब्याभोवती गुंडाळली. सव्विसावी फाईल. अठ्ठाविसावी. "आवर की रे बाबा!" ती मशीनला म्हणाली. एकतिसावी झाली तेव्हा डब्यात लिंबाएवढे चारपाच खडे उरले होते.

तिनं नवा प्रोग्रॅम सुरू केला. सेन्सर टेबलावर होता, भोंगा वाजायला लागला. तिनं सेन्सर उचलून खड्यांमध्ये खुपसला. वीस. अकरा. सात. पाच. चार.

भोंगा गप्प झाला.

इतकी शांतता तिनं त्या ऑफिसात कधी ऐकली नव्हती. एसीचा आवाज, आणि तिचा श्वास. मग ती खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडली.

घटस्थापनेला बर्फखान्यावर हार, नारळ, पुढारी. डीकेनं मंजुळानं आदल्या दिवशी भरलेली नवी फ्लॉपी सोसायटीच्या मशीनमध्ये घातली, प्रोग्रॅम सुरू केला आणि ऐटीत बाजूला उभा राहिला. काहीच वाजलं नाही. आत दोन अंश होते. पुढारी कानावर हात ठेवायच्या तयारीत आले होते, त्यांचा विरस झाला. भिवाजींच्या मिशा हलल्या.

"वाजत नाय? बिगडलाय काय गो?"

"गप बसलाय म्हंजे बर्फ बरा हाय, काका," मंजुळा म्हणाली. मग तिनं सेन्सर काढून मुठीत धरला, आणि भोंग्यानं सगळा कोळीवाडा गोळा केला. परत जागेवर ठेवला, गप्प. भिवाजींनी नुसती मान हलवली. हाताच्या मुठीत वाजतो तो बर्फखान्यात वाजेल का, हे त्यांना अजून बघायचं होतं. घोसाळकर साहेबांनी भाषण केलं आणि सगळं श्रेय मुहूर्ताला दिलं.

कंपनीत तेव्हापासून एक नवीन धार्मिक विधी सुरू झाला. दर सर्वपित्रीला साहेब धोतर नेसून येत आणि एकूण एक शिजलेल्या फायली पुसायला लावत, अप्पांच्या नावानं. कुठल्याही गिऱ्हाइकाचं काम सुरू करण्याआधीही तेच. मशीनची तारीख कुणी बदलायची नाही, तो पितरांचा शाप. मंजुळानं वाद घातला नाही. ज्या कारणानं का होईना, तळ धुतला जात होता. पुढं पंचाण्णव साली डीके अमेरिकेला गेला. तिथून त्यानं पत्र लिहिलं की इथंही सगळे असंच करतात, ह्याला मोठं इंग्रजी नाव आहे, आणि ही पद्धत मी डोंबिवलीतच शोधली असं मी इंटरव्ह्यूत सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्याच वर्षी डिसेंबरात भिवाजींच्या नातवाचं लग्न होतं. भरदुपारी वरात निघालेली, बँडवाल्यांनी ताशे तापवलेले, अख्खा कोळीवाडा नाचात. बर्फखान्याकडे कुत्रं नव्हतं. आत तीन होड्यांची मासळी, त्यात शेवंतीच्याही दोन पाट्या. आणि भोंगा वाजला. ट्रंपेटच्या डोक्यावर पाय देऊन वाजला. क्षणभर सगळे थबकले, मग नवरदेव सोडून सगळे धावले. मशिनरीचा पट्टा तुटला होता. आत सहा अंश झाले होते, बर्फ अजून धरून होता. बायकांनी लुगडी खोचली, पोरांनी दुसऱ्या बर्फाच्या लाद्या ओढल्या, तासाभरात पट्टा बसला. एक मासा गेला नाही.

मंजुळा वरातीतल्या नव्या साडीवर, कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात उभी होती. शेवंती शेजारीच पाटी उचलत होती. भिवाजी तांडेल आले. फेटा सुटलेला, अंगावर गुलाल. लेकीला जवळ घ्यावं तसा त्यांनी मंजुळाच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले शेवंतीशी, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"शेवंते, येलेवर वाजला गो तुज्या पोरीचा शब्द."

शेवंतीनं पाटी खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले, आणि मान वर करून सगळ्या गावाकडे बघितलं.